थोडक्यात नको

१२ जानेवारी

पोरी,

तुझे पैसे या महिन्यातही आले. पैशांबरोबर एक ओळसुद्धा नसते, तेव्हा म्हटलं आपणच लिहावं. फोन मी आता लावत नाही. पडद्यावर माझे हात दिसले की तुला उत्तर द्यावं लागणार, आणि उत्तरं देऊन देऊन तू थकली आहेस हे मला कळतं. कागदाचं बरं असतं. वाचून उशीखाली सारला तरी तो कुणाची बाही ओढत नाही.

बँकेतल्या त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. आईचं खातं बंद करायला आपण गेलो होतो. आतला माणूस तुझ्याशी बोलत होता आणि मी तुझी बाही ओढून विचारत होतो, काय म्हणतो, काय म्हणतो. तू वळलीस आणि हातांनी म्हणालीस, "मी तुमची मुलगी आहे, तुमचं तोंड नाही." त्याच आठवड्यात तू घर सोडून गेलीस. बघ, लिहिणार नाही म्हणालो आणि लिहून मोकळा झालो.

इकडे सगळं ठीक आहे. आमचा खोक्यांचा कारखाना नव्या लोकांनी घेतला. भिंतींना रंग दिलाय, कँटीनमध्ये नव्या खुर्च्या आल्यात. माझी रात्रपाळी बंद झाली, आता फक्त दिवसाची. पाठीला आराम आहे. पुठ्ठ्याची धूळही पूर्वीसारखी छातीत जात नाही. गालखळीने मात्र काम सोडलं. आठवतो ना? हसला की गालात बोट मावेल एवढा खड्डा पडतो, म्हणून आपण त्याचं नाव घेताना गालावर बोट ठेवतो. त्याला एकरकमी पैसे मिळाले, खुशीत आहे. कारखान्यात ऐकू न येणारे आम्ही दोघंच होतो, आता मी एकटा. घरीही आई गेल्यापासून हातांनी बोलायला कुणी नाही. रविवारी आपल्या बहिऱ्यांच्या मंडळात जातो तेव्हा आठवड्याचं साठलेलं बोलून घेतो.

पैसे पाठवायची तशी गरज नाही. तुला लागतील.

बाबा

९ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं, पण आलं. त्यातली तिसरी ओळ वाचून मी खुर्चीत बसलो. "मंडळाच्या फोटोत तुमच्या अंगात करडा शर्ट का आहे?"

कान असलेल्या माणसाला एवढं दिसू नये.

तर ऐक. मशीनवरच्या माणसांचा शर्ट निळा आणि झाडणाऱ्यांचा करडा, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी गेल्या पावसाळ्यापासून झाडूवर आहे. माल उचलणारी गाडी मागे येत होती. चालवणाऱ्याने भोंगा वाजवला. गालखळी पाठमोरा होता, त्याला कसा कळणार? चालवणाऱ्याने वेळेवर गाडी थांबवली, खोक्यांची एक चळत कोसळली. खोकी रिकामी होती, कुणाला काही लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नव्या व्यवस्थापकाने आम्हा दोघांना बोलावलं. तो बोलला आणि मुकादमाने आम्हाला कागदावर लिहून दिलं. बहिऱ्या माणसांना मशीनजवळ ठेवणं धोक्याचं आहे. एक तर एकरकमी पैसे घेऊन घरी बसा, नाही तर झाडायचं काम घ्या.

झाडायचं काम म्हणजे नवी नेमणूक. पगार खाली येणार हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे आधीची सगळी नोकरी पुसून जाणार. म्हातारपणी जे पेन्शन मिळायचं ते त्या नोकरीवरच उभं होतं. मुकादमाने हे शेवटी लिहिलं, छोट्या अक्षरात, आणि लिहिताना माझ्याकडे बघितलं नाही.

गालखळीने तिथेच सही केली. त्याच्या घराचं छप्पर गेलं होतं, त्याला पैसे हवे होते. छपरात आणि जुन्या देण्यात ते संपले. आता सकाळी बाजारात जातो, कुणी बोलावलं तर पेट्या उतरवतो. खुशीत आहे असं मी लिहिलं होतं ते खोटं. मी सही केली नाही. फक्त झाडू हातात घेतला, कारण घरी बसलो असतो तर आपण होऊन गेला म्हणाले असते.

माझ्या मशीनवर आता एक नवीन मुलगा आहे. चांगला आहे. मी शेजारून झाडत जातो तेव्हा जमिनीतून मशीनची धडधड पायात चढते, आणि पातं खाली येतानाचा झटका कधी येणार ते पायाला आधीच कळतं. मग मी लवकर पुढे सरकतो.

तुला काळजी वाटेल म्हणून लिहिलं नाही, असं म्हणणार होतो. ते अर्धंच खरं आहे. तू येशील आणि पुन्हा माझ्यासाठी कुणासमोर तरी उभी राहशील, याची मला धास्ती होती.

बाबा

२ मार्च

पोरी,

सुट्टी घेतली असशील तर परत दे. "मी येते आणि त्या व्यवस्थापकाशी बोलते" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. लिहिताना तुझा जबडा कसा आवळला असेल तेही डोळ्यांपुढे आलं. पण येऊ नकोस. रागाने म्हणत नाही.

मी कामगार कार्यालयात कधीचाच अर्ज दिला आहे, तुला लिहिलं नव्हतं. गालखळी सोबत आला होता. खिडकीतल्या माणसाने माझा कागद वाचला आणि खाली लिहिलं, "बोलणारं कुणी घेऊन या. मुलगा, मुलगी?" मी लिहिलं, "मुलगी आहे. तिची नोकरी आहे." त्याने लिहिलं, "एक दिवस येईल की." मी लिहिलं, "नाही."

पोरी, आयुष्यात पहिल्यांदा मी या प्रश्नाला नाही म्हणालो. म्हणून झाल्यावर पुढे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. खिडकीतला माणूस खांदे उडवून दुसऱ्याकडे वळला आणि आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो, भांड्याविना आलेल्या दूधवाल्यासारखे.

मंडळाच्या चिटणिसाने मार्ग काढला. सुनावणीला हातांची भाषा जाणणारा दुभाषी मागता येतो, त्याचा खर्च कार्यालयाने करायचा, असं नियमात आहे म्हणे. इतकी वर्षं आहे. कुणी मागितलाच नव्हता, कारण प्रत्येकाच्या घरात एखादी तू होतीस. आता दुभाषी मिळेपर्यंत सुनावणी पुढे जाते आहे. एकदा गेली, दुसऱ्यांदाही गेली. मुकादम मला बघितलं की मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवतो आणि मान हलवतो. म्हणजे थकशील.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू. परकं माणूस, त्याला माझे हात कळतील का? तुला तर माझं अर्धवट बोट हललं तरी कळायचं.

तरी येऊ नकोस.

बाबा

२१ मार्च

पोरी,

सुनावणी झाली. हे पत्र लांबणार आहे. जेवून घे आणि मग वाच.

दुभाषी बाई माझ्याहून थोडी लहान. काळे कपडे घातले होते, हात नीट दिसावेत म्हणून. आत जाण्याआधी तिने मला बाहेर गाठलं आणि म्हणाली, "खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी तुम्हाला सांगणार. चांगलं, वाईट, सगळं. मी काही गाळत नाही आणि काही घालत नाही. चालेल?" मी म्हणालो, चालेल. मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे?

खोली साधीच. एक लांब टेबल, त्यामागे अधिकारी. व्यवस्थापक एका बाजूला, त्याच्याजवळ मुकादम. मी समोर. दुभाषी बाई अधिकाऱ्याच्या शेजारी बसली, मला समोर दिसेल अशी. गालखळी मागच्या बाकावर.

सुरुवातीलाच व्यवस्थापक तिच्याकडे वळून हसत काही बोलला. तिचे हात उठले: "याला सगळं कुठे कळणार, तुम्ही आपलं थोडक्यात सांगा."

तिचा चेहरा जराही हलला नाही. तिने ते वाक्य तसंच्या तसं माझ्यापुढे ठेवलं.

मी हातांनी म्हणालो, "थोडक्यात नको. सगळं हवं." तिने ते तोंडाने म्हटलं असणार, कारण अधिकाऱ्याने कागदातून मान वर काढली आणि माझ्याकडे बघितलं. त्याआधी त्याने बघितलं नव्हतं.

मग सगळंच आलं. व्यवस्थापक वाईट माणूस नाही. म्हणाला, "उद्या हा गाडीखाली सापडला तर तुरुंगात मी जाईन." हे मला पटलं. पण त्याच्या मागोमाग म्हणाला, "अशा लोकांना जुन्या मालकाने दया म्हणून ठेवलं होतं. आम्ही धर्मादाय चालवत नाही." म्हणाला, "झाडू तरी दिला, त्याबद्दल कुणी आभार मानत नाही." म्हणाला, "घरी बसला तरी याचं काय अडणार आहे, मुलगी पैसे पाठवते." हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. बाईचे हात हलत होते आणि मी बघत होतो. माझे कान गरम झाले. कामाचे नाहीत पण गरम होतात.

आणि मला तू दिसलीस. वीज कार्यालयाच्या खिडकीपाशी टाचा उंचावून उभी, दोन वेण्या. आतला माणूस तावातावाने बोलतोय, त्याचं तोंड थांबत नाही. तुझे गाल लाल. मी बाही ओढतो, काय म्हणतो? आणि तू वळून दोनच खुणा करतेस, "उद्या या." शाळेत तेच. दवाखान्यात तेच. समोरचा एवढं बोलायचा आणि तुझ्या हातात एवढंसं उरायचं. मला वाटायचं, ही बोलणारी माणसं फार पाल्हाळ लावतात. आईला मी तसं म्हणायचोही आणि आम्ही हसायचो.

बाकीचं तू कुठे ठेवत होतीस पोरी?

मी माफी मागायला हे लिहीत नाही. आम्हाला तेव्हा दुसरं कुणी नव्हतं, आणि आम्ही तुला जे करायला लावलं ते पोट भरण्यासाठी लावलं. पण त्या खोलीत बसून मला पहिल्यांदा कळलं की तू काय काय गिळलंस. ते तुला कळवायचं होतं.

पुढचं सांगतो. अधिकाऱ्याने मुकादमाला विचारलं, ही दोघं मशीनवर असताना कधी अपघात झाला? मुकादमाची निवृत्ती जवळ आली आहे, त्याने आधी स्वतःची नखं बघितली. म्हणाला, "नाही झाला. पण भीती वाटते का विचाराल तर वाटते." व्यवस्थापकाने मान डोलावली. मग मुकादम म्हणाला, "भीती मला सगळ्यांचीच वाटते साहेब. ऐकू येणारी पोरं कानात गाणी खुपसून उभी असतात. आणि मशीन चालू असताना तो भोंगा मलासुद्धा ऐकू येत नाही."

अधिकाऱ्याने विचारलं, "मग गाडीला दिवा का नाही लावला?"

व्यवस्थापक म्हणाला, "कुणी मागितला नाही."

मी हात वर केला. मला बोलायचं होतं. आदल्या दिवशी मी आरशासमोर पुष्कळ तयारी केली होती, त्यातलं काहीच आठवलं नाही. मी एवढंच म्हणालो, "मी आत्ता मागतो. मला दया म्हणून ठेवलं असेल तर ती इतकी वर्षं रोज सकाळी वेळेवर हजर राहून मी फेडली आहे. माझी नोकरी जिथे तोडली तिथूनच पुढे जोडा. मुलीचे पैसे मुलीचे आहेत. ती माझं पेन्शन नाही."

बाईच्या गळ्यातून माझं बोलणं बाहेर आलं. कसं वाटलं असेल कुणास ठाऊक. पण खोलीतली माणसं तिच्याकडे नव्हती बघत, माझ्याकडे बघत होती.

निकाल नंतर येणार आहे. बाहेर आल्यावर मी बाईला म्हणालो, तुम्ही सगळं सांगितलंत, त्रास झाला असेल. ती म्हणाली, "त्रास होतो. पण घरी गेल्यावर. आणि मला याचा पगार मिळतो."

एक विचारतो. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. आईच्या वेळी डॉक्टर तुला बाजूला घेऊन खूप वेळ बोलले होते. तू येऊन आम्हाला म्हणालीस, "इंजेक्शनं चालू राहतील." ते खरोखर काय म्हणाले होते?

बाबा

३० एप्रिल

पोरी,

निकाल लागला आणि तुझं पत्रही आलं, दोन्ही एकाच आठवड्यात. आधी तुझ्या पत्राचं.

तू लिहिलंस, डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की आता हातात काही नाही. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि तुला दोन्ही हात वर उचलता येईनात, म्हणून इंजेक्शनं म्हणालीस. पुढे रोज तेच म्हणत राहिलीस, कारण एकदा म्हटलं की बदलता येत नाही.

आई शेवटपर्यंत घरी जायच्या गोष्टी करत होती. पडदे धुवायचे म्हणायची. तिला भीती वाटली नाही. मला सांगितलं असतंस तर मी ते तिच्यापासून लपवू शकलो नसतो, माझे हात खोटं बोलत नाहीत, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. म्हणजे ते दिवस तिला तू दिलेस. मला राग आलाय का, असं तू विचारलंस. नाही आला. पण दवाखान्यात ते सगळं मनात घेऊन तू एकटी बसली होतीस आणि शेजारी दोघं आईबाप होते, हे आठवलं की घास उतरत नाही.

आता निकाल. मला मशीनवर परत घ्यायचं आणि नोकरी सलग धरायची. पेन्शन शाबूत. मधल्या महिन्यांच्या पगारातला फरक द्यायचा. माल उचलणाऱ्या गाड्यांवर आणि मशीनवर फिरते दिवे लावायचे. दिवे लागलेसुद्धा, नारिंगी आहेत. ऐकू येणारी मंडळीही आता त्यांच्याकडे बघूनच बाजूला होतात. निळा शर्ट मिळाला, तो पोटावर आवळतो. झाडताना मी जाडा झालो.

पहिल्या दिवशी व्यवस्थापक मशीनपाशी आला आणि काहीतरी बोलला. मी खिशातली वही आणि पेन्सिल त्याच्यापुढे धरली. त्याने लिहिलं, "काळजीपूर्वक काम करा." मी खाली लिहिलं, "करतोच. तुम्हीही इथे पिवळ्या पट्ट्याच्या आत उभं राहू नका." तो मागे सरकला. आमच्यात प्रेम उतू जात नाही, पण आता तो मुकादमाला मध्ये न घेता लिहून विचारतो.

गालखळीला काही मिळालं नाही. त्याची सही आहे. चिटणीस म्हणतो, दुभाष्याशिवाय घेतलेली सही, तिला आव्हान देता येईल, पण नक्की नाही. आम्ही अर्ज केला आहे. निकालाच्या दिवशी त्याने मला मिठी मारली, खळी पडेपर्यंत हसला, आणि मग म्हणाला की बाजारात जायला उशीर होतोय. मी त्याला पाठमोरा जाताना बघत राहिलो. मला हाक मारता येत नाही आणि मारली असती तरी त्याला ऐकू गेली नसती.

पुढच्या महिन्यापासून पैसे पाठवू नकोस. हे मी पहिल्या पत्रातही म्हणालो होतो, पण तेव्हा तो मानाचा प्रश्न होता. आता खरंच लागत नाहीत.

आणि जमलं तर ये. कुठे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. नुसती ये.

बाबा

७ जून

पोरी,

तू पोचल्याचं कळलं. तू गेल्यावर घर दोन दिवस मोठं वाटलं, आता पुन्हा होतं तेवढं झालंय.

औषधाच्या दुकानातली गोष्ट मी मंडळात सांगितली. दुकानदार सवयीने तुझ्याशी बोलायला लागला आणि तू माझ्याकडे बोट करून कपाटातले साबण बघायला गेलीस. तो गोंधळला, मग त्याने कागद घेतला. सगळ्यांनी टेबलं बडवून दाद दिली. गालखळीने सर्वांत जास्त. त्याचा अर्ज दाखल करून घेतला आहे, एवढं तरी झालं. तारीख पडायची आहे आणि दुभाषी त्याच बाई असतील.

तुला एक सांगायचं राहिलं. तू आलीस त्या दुपारी जेवलीस आणि आईच्या पलंगावर जरा आडवी होते म्हणालीस. लहानपणी तू दुपारी कधी झोपायची नाहीस. आई म्हणायची, या पोरीच्या डोळ्यांत झोपच घातलेली नाही. आम्हा दोघांना वाटायचं, स्वभाव. दारावर कुणी आलं तर ऐकायला घरात दुसरं कोण होतं, हे आमच्या डोक्यात आलं नाही.

त्या दुपारी तू झोपलीस. तोंड थोडं उघडं, एक हात पलंगाबाहेर. मी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून दाराशी नेली आणि दाराच्या फळीला तळहात टेकवून बसलो. कुणी ठोठावलं असतं तर मला लगेच कळलं असतं.

कुणी आलं नाही. ऊन भिंतीवरून सरकत गेलं आणि तू संध्याकाळपर्यंत झोपलीस.

बाबा